बोटभर फट

शेंडेकाका माझ्याशी बोलले ते पहिलं वाक्य होतं, "खिडकीला हात लावायचा नाही."

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाहून शिक्षण संपवून बॉस्टनकडच्या श्रूजबरीला येऊन थडकलो होतो. हातात दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि खिशात पहिल्या नोकरीचं पत्र. महाराष्ट्र मंडळातल्या देशपांडेकाकूंनी फोनवर पत्ता देताना सांगितलं होतं, "एकटेच असतात. वरची खोली देतात. स्वभाव जरा चमत्कारिक आहे, पण तू अन्नाला महाग झालेला मुलगा, तुला काय करायचंय स्वभावाशी?" हे अगदी खरं होतं. चार मुलांनी मिळून एका अपार्टमेंटमध्ये दोन वर्षं काढल्यावर मला नुसतं वरण-भाताचं नाव घेतलं तरी भरून यायचं.

त्या खोलीची खिडकी बंद होत नसे. म्हणजे होऊ दिली जात नसे. खालच्या चौकटीत लाकडाची एक पाचर खिळ्यांनी ठोकलेली होती, त्यामुळे काच बरोबर बोटभर वर राहायची. बाहेर जानेवारी. सकाळी उठलो की खिडकीच्या कठड्यावर पिठी सांडल्यासारखा बर्फ असायचा. मी सांगलीचा माणूस. आमच्याकडे थंडी म्हणजे नवा स्वेटर मिरवण्याचं निमित्त. तिसऱ्या दिवशी मी रविवारच्या पेपराची गुंडाळी करून ती फट ठासून बंद केली आणि कामावर गेलो. संध्याकाळी परत आलो तर काका माझ्या खोलीत उभे. डोक्यावर तपकिरी कानटोपी, हातात ती गुंडाळी.

"ही खोली पाहिजे का तुला?"

"हो काका."

"मग खोली तुझी, फट माझी."

एवढं बोलून ते खाली गेले. पाच मिनिटांनी दोन जाड रजया आणून माझ्या पलंगावर ठेवल्या, आणि त्या दिवसापासून रोज रात्री माझ्यासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून जिन्यात ठेवू लागले. त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत. माणूस विक्षिप्त आहे, पण दुष्ट नाही, हे मला कळलं. पण विक्षिप्त तो विक्षिप्तच, असंही मी तेव्हा म्हणत होतो.

काका मूळचे नागपूरचे. अमेरिकेत वीसएक वर्षं काढूनही "काय करून राहिला?" असंच विचारायचे. उंच, खांद्यात वाकलेले, नाक कायम लाल. एका कारखान्यात बॉयलरचे सेफ्टी व्हॉल्व्ह तपासायचं काम करायचे. आत वाफेचा दाब फार वाढला की आपोआप उघडणारी झडप, ती वेळेवर उघडते की नाही हे बघायचं. प्रत्येक झडप तीनदा तपासल्याशिवाय सही करायचे नाहीत. घरीही तेच. निजायला जाताना गॅसच्या बटणांना हात लावून मोठ्याने म्हणायचे, "एक, दोन, तीन." मला आधी वाटलं आरती म्हणतात.

मंडळात त्यांच्यावर पुष्कळ विनोद चालायचे. आमचे कार्यक्रम एका चर्चच्या तळघरात व्हायचे. संक्रांतीला दीडशे माणसं, तिळगुळाचा वास, पोरांचा गोंगाट, आणि शेंडेकाका आल्या आल्या एकेक खिडकी बोटभर उघडत निघायचे. "शेंडे आले, शाली काढा गं!" असं बायका ओरडायच्या. एकदा कुणीतरी विचारलं, "काय शेंडे, तुमच्याकडे जेवायला आलं तर कोट काढून ठेवायचा की घालूनच बसायचं?"

"घालूनच बसा," काका म्हणाले, "जिवंत राहाल."

सगळे खो खो हसले. मीही हसलो. आता ते आठवलं की स्वतःची लाज वाटते.

काकांच्या घरामागे ताडपत्रीखाली एक मोटरहोम उभं असायचं. जुनं, चौकोनी, मळखाऊ रंगाचं, अंगावर तपकिरी पट्टा. आत दोन बाक, एक पलंग, चुलीएवढं स्वयंपाकघर. काका त्याला 'डबा' म्हणायचे. लोक म्हणायचे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, शेंड्यांचं परसात. अशा गाड्या लोक उन्हाळ्यात काढतात, तळ्याकाठी लावतात, मासे पकडतात. काकांचा डबा उन्हाळाभर ताडपत्रीखाली झोपलेला असायचा आणि वर्षातून एकदाच बाहेर निघायचा, भर फेब्रुवारीत. तो घेऊन ते न्यू हॅम्पशरच्या डोंगरात जायचे, तीन दिवस बर्फात राहायचे, आणि परत येऊन पुन्हा ताडपत्री बांधायचे.

हे कोडं देशपांडेकाकूंनी सोडवलं. संक्रांतीनंतर त्यांच्या स्वयंपाकघरात मी गुळाची परात खरवडत होतो. मी सहज विचारलं, हिवाळ्यात कोणी कॅम्पिंगला जातं का हो? काकूंनी हातातला झारा खाली ठेवला.

"त्याच गाडीत गेली रे सुमन. त्यांची बायको."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सुमनकाकूंनाच फिरायची हौस. हिमालय बघायचा राहिला, निदान इथला बर्फ तरी बघू, असं म्हणून त्यांनीच काकांना ती गाडी घ्यायला लावली. फेब्रुवारीत शाळेला आठवडाभर सुट्टी असते म्हणून सात वर्षांच्या लीनाला घेऊन तिघं डोंगरात गेले. दुसऱ्या दिवशी सुमनकाकूंना ताप भरला. त्यातच गाडीची बॅटरी संपली आणि हीटरचा पंखा बंद पडला. काकांनी बाहेर वांगं भाजायला शेगडी पेटवली होती. कोळशाची, लहानशी. बायको हुडहुडतेय म्हणून त्यांनी ती तशीच उचलून आत नेऊन ठेवली आणि बॅटरी चार्ज करून आणायला गेले. लीना बाहेर घसरगाडी खेळत होती म्हणून वाचली. दीड तासाने परत आले तर सगळं संपलं होतं.

"कोळशाचा तो विषारी वायू दिसतही नाही रे, वास नाही, काही नाही. खिडकी उघडी ठेवायला विसरले म्हणे. इंजिनिअर माणूस!" काकूंनी पदराने डोळे पुसले. "आणि आपल्याकडे बघ. बाळंतिणीच्या खाटेखाली महिनाभर शेगडी असायची. कोणी मेलं नाही कधी. आपल्या घरांना फटी होत्या. कौलांतून आभाळ दिसायचं. इथली मेली घरं नाहीत, बरण्या आहेत."

त्या रात्री मी माझ्या खोलीतल्या पाचरीकडे कितीतरी वेळ बघत बसलो. पुन्हा कधी थंडीची तक्रार केली नाही.

लीना तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि बॉस्टनला युनिव्हर्सिटीत शिकत होती. वर्षातून तीन-चारदा यायची. आली की कोट न काढता दिवाणखान्यात बसायची, बापाने केलेलं जेवायची, "फाइन" आणि "ओके" एवढ्या दोन शब्दांत उत्तरं द्यायची आणि निघायची. काका मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची. जाताना काका दारात उभे राहून म्हणायचे, "खोलीला खिडकी आहे ना गं?" ती वळूनही बघायची नाही.

एकदा मी तिला बसवर सोडायला गेलो होतो. मला वाटलं, आपण मध्यस्थी करावी. वय तसं होतं. मी म्हटलं, काका तुझी फार काळजी करतात. ती समोरच्या काचेकडे बघत म्हणाली, "ही चेक्स एव्हरीथिंग थ्री टाइम्स, राइट? स्टोव्ह, लॉक्स, एव्हरीथिंग." मग जरा थांबून म्हणाली, "दॅट डे ही डिडन्ट चेक वन्स." मध्यस्थी तिथेच संपली.

त्या फेब्रुवारीत अंगणातल्या बर्फावर घसरून काकांचं मनगट मोडलं. दोन दिवसांनी हात गळ्यात बांधून ते माझ्या दारात आले.

"डबा न्यायचा आहे. बॅटरी उचलायला माणूस पाहिजे."

"काका, मला बर्फात एवढी मोठी गाडी चालवता येत नाही."

"मला तरी कुठे येत होती?"

अशा गाडीत हिवाळ्यात राहणं म्हणजे चोवीस तास थंडीशी झटापट. नळांतलं सगळं पाणी आधीच काढून टाकलेलं, मोऱ्यांत न गोठणारा गुलाबी द्राव ओतलेला, प्यायचं पाणी कॅनमध्ये. चाकं जमिनीला गोठून चिकटू नयेत म्हणून खाली फळ्या. एकाऐवजी तीन बॅटऱ्या. छतावरचा बर्फ दर दोन तासांनी झाडूने लोटायचा, हीटरचा धूर बाहेर जायची नळी हाताने साफ करायची. या सगळ्याची यादी काकांनी मराठीत लिहून कपाटाच्या दारावर डकवली होती, आणि प्रत्येक ओळीपुढे तीन टिंबं होती. काम झालं की एकेक टिंब खोडायचं. माझे पाय बधिर झाले होते आणि मी मनातल्या मनात टिंबांच्या नावाने खडे फोडत होतो.

जागा मात्र पाहण्यासारखी. पाहण्यासारखी म्हणजे, बघितली की बोलणं बंद होईल अशी. गोठलेलं तळं, काठाला काळे सूचिपर्णी वृक्ष, मागे ढगात शिरलेला डोंगर. बर्फ खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत चढलेला. आमच्यासारख्या पाच-सहा गाड्या लांब लांब उभ्या होत्या. स्कीइंगला आलेले लोक, स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकली उडवणारे लोक. सगळे मजेत होते. आमच्याच डब्यात कोणी बोलत नव्हतं. श्वासाची वाफ काचेवर जाऊन गोठत होती आणि वरणाच्या वाफेने छत टपटप गळत होतं.

सुमनकाकू गेल्या त्या तारखेला काकांनी वांग्याचं भरीत केलं. गॅसवर. फोटो नाही, फूल नाही, उदबत्ती नाही. तीन ताटं वाढली. एक माझं, एक त्यांचं, एक पलंगाच्या कडेला झाकून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गार भरीत त्यांनी स्वतःच खाल्लं. मी गरम करून देतो म्हणालो तर मान हलवली.

साडेपाचला अंधारून यायला लागलं तसे ते उठले. कानटोपी, टॉर्च. मला वाटलं फिरायला निघाले. ते निघाले होते दारं ठोठावायला. प्रत्येक गाडीशी जायचे, दार वाजवायचे, आणि उघडलं की आपलं बोट आडवं धरून म्हणायचे, "विंडो. वन फिंगर. अँड नो चारकोल इनसाइड. नेव्हर." बस्स. नमस्कार नाही, चमत्कार नाही. कोणी हसून "थँक यू सर" म्हणायचे, कोणी बिअर पुढे करायचे, एकाने आमच्या तोंडावर दार आपटलं. मी त्यांच्या मागे उभा राहून शरमेनं अर्धा झालो होतो.

शेवटच्या गाडीत एक तरुण जोडपं होतं. दार उघडलं आणि आतून भाजल्याचा वास आला. त्यांनी कोळशाची शेगडी दाराच्या आत, पायरीपाशी ठेवली होती आणि तिच्यावर सॉसेज भाजत होते. जन्मात अंडं न शिवलेल्या शेंडेकाकांनी काही न विचारता आत पाऊल टाकलं, ती पेटती शेगडी एका हाताने उचलली आणि सॉसेजसकट बर्फात फेकली. चर्र असा आवाज झाला. तो पोरगा मुठी वळून अंगावर आला. मी मध्ये पडून सॉरी सॉरी म्हणत होतो. काका मात्र त्याच्याकडे बघतच नव्हते. ते त्याच्यामागे उभ्या असलेल्या मुलीकडे बघत होते. "यू आर ऑलराइट?" एवढंच त्यांनी तिला विचारलं. ती मुलगी रडायलाच लागली, का कोण जाणे.

त्या जागेचा मालक अर्ल धावत आला आणि त्याने सगळं निस्तरलं. अर्ल म्हणजे एक प्रचंड म्हातारा, दाढीत बर्फाचे मणी, दिवसभर ट्रॅक्टरने रस्त्यावरचा बर्फ बाजूला करायचा. त्याने त्या पोराला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. पोरगा गप्प झाला. परत फिरताना काकांचा चांगला हात मी टॉर्चच्या उजेडात बघितला. तळवा भाजून निघाला होता.

पुढच्या वर्षी मनगट बरं झालं होतं, पण मला कोणी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही. फेब्रुवारी आला आणि मी बॅटऱ्या उचलायला लागलो.

त्या वर्षी अर्लने मला ते सांगितलं.

दुपारची वेळ. काका डब्यात पडले होते. मी बॅटरी घेऊन अर्लच्या गॅरेजमध्ये गेलो. त्याने ती चार्जरला लावली, मला कॉफी दिली आणि स्वतः एका खोक्यावर बसला.  मग म्हणाला, "त्या दिवशीही तो इथेच बसला होता. तू बसलायस तिथे. मला म्हणाला, आत निखारे ठेवलेत, पण खिडकी उघडी ठेवली आहे, इतकी." अर्लने आपलं जाडजूड बोट आडवं धरलं.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "उघडी ठेवली होती?"

"मी ट्रॅक्टरवर होतो. तिकडून जाताना बघितलं. ती चिमुरडी बादली पालथी घालून त्यावर उभी होती आणि बाहेरून दोन्ही हातांनी ती काच सरकवत होती. आईला थंडी वाजते म्हणून असेल. मी हात केला. तिनेही केला, हसली, आणि घसरगाडी घेऊन तळ्याकडे पळाली." अर्लने कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला होता. "मला निखाऱ्यांचं तेव्हा माहीत नव्हतं. गॅरेजमध्ये आलो, मग तो बोलला. तरी मला दोन गोष्टी जोडता आल्या नाहीत. कसा मी..."

खिडकीखालची पालथी बादली काकांनीही पाहिली होती. पोलीस आले तेव्हा अर्ल तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले होते, "खिडकी मी उघडलीच नाही. विसरलो." आणि त्यांनी पोलिसांच्या खांद्यावरून अर्लकडे बघितलं होतं. लीना तिथेच, अर्लच्या बायकोच्या कोटात गुंडाळून उभी होती. अर्लने टोपी काढली आणि तो गप्प बसला.

मी डब्यात परतलो तेव्हा काका भाजलेल्या वांग्याची साल काढत होते. वर न बघता म्हणाले, "अर्ल बोलला."

मी बॅटरी दारापाशी ठेवली.

"बॅटरीला एवढा वेळ लागत नाही रे."

मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, सांगून टाका तिला. ती तुमचा द्वेष करते. तुमची चूक नसताना..."

"माझी नसताना?" त्यांनी वांगं खाली ठेवलं. "शेगडी आत कोणी नेली? सात वर्षांच्या पोरीनं नेली का? कोळसा काय करतो ते शिकलेलो मी. अन् बोटभर फटीचं म्हणशील, तर मी नंतर पुष्कळ गणितं केली. खिडकी उघडी असती तर सुमन कदाचित वाचली असती. कदाचित नसती वाचली. बोटभर काही फार नसते बाप्पा. त्या कदाचितमध्ये मी राहून राहिलो इतकी वर्षं. तिला कशाला तिथे बोलावू?"

"पण तिला तुम्ही हवे आहात, काका."

"माझा राग येतो म्हणून ती भांडते, शिकते, जेवते. जगून राहिली ना? स्वतःचा राग आला की माणूस काय करतो, ते मी रोज दाढी करताना बघतो." त्यांनी पुन्हा साल सोलायला घेतली. त्यांची बोटं भाजत असणार, पण ते थांबले नाहीत. "तू गप्प राहशील?"

"शपथ घेऊ?"

"शपथा नको. नुसता गप्प राहा."

बाहेर स्नोमोबाइलवाले आरडाओरडा करत गेले. मी तिसरं ताट मांडलं.

तिसऱ्या वर्षी काकांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी थंडीत बाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. काकांनी डॉक्टरांना "येस येस" म्हटलं आणि घरी येऊन ताडपत्री सोडली. मी घाबरून लीनाला फोन केला. मला वाटलं ती ओरडेल, थांबवेल. ती शनिवारी सकाळी आली, मफलर गुंडाळलेला, आणि किल्ली माझ्या हातातून घेऊन म्हणाली, "आय विल ड्राइव्ह."

त्या दिवसानंतर प्रथमच ती त्या डब्यात पाय ठेवत होती.

तीन तास तिनेच गाडी चालवली. पोचल्यावर मी फळ्या टाकल्या, बॅटरी जोडली, टिंबं खोडली. लीना आत बाकावर बसून समोरच्या सरकत्या खिडकीकडे बघत होती. काकांनी सवयीने ती बोटभर उघडली होती आणि त्या फटीतून बर्फाचे कण आत येत होते. काका चहाचं आधण ठेवत होते. तिने हातमोजा काढला, पुन्हा घातला. मग त्या हाताने काच जराशी ढकलून बघितली. आणि म्हणाली, मराठीत म्हणाली, बापाशी कधी न बोललेल्या मराठीत,

"बाबा, ती विंडो... मी बंद केली का?"

 काका पाठमोरे होते. आधणात आलं टाकता टाकता त्यांचा हात क्षणभरही थांबला नाही. मला तेव्हा समजलं की या प्रश्नाची ते सोळा वर्षं वाट बघत होते, आणि त्याचं उत्तर त्यांनी तीनदा नाही, तीन हजारदा तपासून ठेवलं होतं.

"तू?" ते म्हणाले. "तू तर तळ्यावर होतीस. लाल घसरगाडी घेऊन. खिडकी गोठून बसली होती त्या दिवशी. मी जोर लावून उघडायला पाहिजे होती. बॅटरीच्या नादात विसरलो."

"बट आय रिमेंबर... मिटन... हातमोजा काचेवर होता. मी बकेटवर उभी..."

"ते दुसऱ्या दिवशीचं. आपण निघालो तेव्हा. तू बादलीवर चढून काच पुसत होतीस. आत आई दिसते का बघत होतीस."

हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की खरं माहीत असून मलाही ते चित्र दिसलं. लीनाने माझ्याकडे बघितलं. "त्यांनी तुला पण हेच सांगितलं?"

गप्प राहा, एवढंच माझ्याकडून मागितलेलं होतं. पण नुसतं गप्प राहून आता भागणार नव्हतं.

"हो," मी म्हटलं, "विसरलो, असंच म्हणाले."

तिने डोळे मिटले. मग एकदम उभी राहून ओरडली, "हाऊ कुड यू फर्गेट? हाऊ?" आणि रडत रडत दार आपटून बाहेर निघून गेली. डबा हलला. कपाटातल्या वाट्या वाजल्या.

काकांनी गॅस बंद केला. बटणाला हात लावला. एक, दोन, तीन. मग बाकावर बसले आणि कानटोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख असेल असं मला वाटलं होतं. तसं काही नव्हतं. परीक्षेला पोर पाठवावं आणि ते पास झाल्याची खबर यावी, तसा तो चेहरा होता. मी मात्र तोंड फिरवून रडलो. मला त्या घटकेला त्यांचा राग आला होता, माझाही आला होता, आणि दुसरं काय करायला हवं होतं ते आजही सांगता येणार नाही.

त्या उन्हाळ्यात मी नोकरी बदलून टेक्ससमध्ये अर्विंगला आलो. इथे बर्फ नाही, आणि खिडक्या एअर कंडिशनरसाठी घट्ट बंद असतात. माझी एक बोटभर उघडी असते. बायको कुरकुरते, मुलं हसतात. काका पुढचा फेब्रुवारी येण्याआधीच गेले. लीनाने फोन करून सांगितलं. डबा विकायचा नाही, मोडायचा, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, तो तिने स्वतः उभं राहून मोडून घेतला. फोन ठेवण्यापूर्वी ती म्हणाली, "यू नो, ॲट लीस्ट ही नेव्हर लाइड अबाउट इट." मी "हो" म्हटलं. तेच माझं दुसरं खोटं.

हे सगळं मी आज लिहितोय ते एका गोष्टीच्या भरवशावर. लीनाला मराठी वाचता येत नाही. तिची मुलगी मात्र रविवारच्या मराठी शाळेत जाते असं मध्यंतरी कानावर आलं, म्हणून नावं बदलली आहेत. गावं बदलायला हवी होती, पण हात धजावला नाही.

काका आजही डोळ्यांसमोर येतात ते त्याच दिवसाचे, लीना दार आपटून गेल्यावरचे. साडेपाच झाले तसे ते उठले, कानटोपी घातली आणि निघाले. मी नको म्हणालो, छातीवर हात ठेवून दाखवला. त्यांनी ऐकलं नाही. घाईत टॉर्च बाकावरच राहिली. मी खिडकीच्या फटीतून बघत होतो. बर्फ पडत होता. लीना तळ्याच्या काठाशी हाताची घडी घालून उभी होती. काका तिच्याजवळून गेले, थांबले नाहीत. पुढे एका गाडीशी जाऊन त्यांनी दार ठोठावलं आणि बोट आडवं धरलं, पण अंधारात आतल्या माणसाला ते दिसत नव्हतं, तो वाकून वाकून बघत होता.

लीना वळली. भराभर चालत डब्याशी आली, माझ्याकडे न बघता टॉर्च उचलली आणि परत गेली. बापापासून दहा पावलं मागे उभी राहिली आणि तिने टॉर्च त्यांच्या हातावर धरली. दोघं पुढच्या दाराशी गेले. काकांनी ठोठावलं, बोट धरलं, तिने उजेड पाडला. मग त्याच्या पुढच्या दाराशी. झाडांच्या आड दिसेनासे होईपर्यंत मी त्या दोघांना बघत होतो.